धातूंच्या क्रमाची कहाणी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो नववी-दहावीच्या मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकात पाच-सहा पानांत उरकलेला आहे. एका धातूचा क्षार पाण्यात विरघळलेला असताना त्यात दुसरा धातू टाकला, तर काय होईल? काही होईल की काहीच होणार नाही? आणि हे टाकण्यापूर्वी सांगता येईल काय? एवढाच हा प्रश्न. मी स्वतः दहावीच्या पुढे शाळेत गेलो नाही. मग या प्रश्नाशी माझी गाठ कशी पडली, हे आधी सांगितले पाहिजे.

१९९३ सालची गोष्ट. धातूंवर मुलामा चढविण्याच्या एका कारखान्यात मी मदतनीस होतो. मुलामा चढविण्यापूर्वी लोखंडी सुटे भाग तेजाबात बुडवून त्यांचा गंज काढावा लागतो. वापरून निकामी झालेले तेजाब साठवायला प्लॅस्टिकची पिंपे असत. ती फुटली, नवी आली नाहीत, आणि वरून हुकूम आला की कोपऱ्यात पडलेली जस्ती पिंपे घ्या. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पिंपे. संध्याकाळच्या पाळीने ती भरली आणि झाकणे घट्ट लावली. सकाळी आमच्यातले वयाने वडील असलेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, झाकण काढावयास गेले. दहा हातांवर वेल्डिंग चालले होते. झाकण सैल होताच फुसकारा आला, ज्वाळा उठली, पिंप फाटले. मामांचा डावा डोळा गेला.

महिनाभराने, पट्टी अजून सुटली नव्हती तोच, मामांच्या हातात आरोपपत्र पडले : निष्काळजीपणे झाकण उघडले. त्या चौकशीत मी त्यांच्या बाजूने उभा होतो. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘असे होईल हे आधी कोणाला कसे कळणार?’ त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी पुढची तारीख मागून घेतली. आज जे सांगणार आहे, ती त्या उत्तराचीच हकीकत आहे.

आपण प्रथम एका साध्या प्रयोगापासून सुरुवात करू. मोरचूद आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पेल्याभर पाण्यात मोरचूद विरघळवा आणि त्या निळ्या पाण्यात घासूनपुसून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा सोडा. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर धरतो. रात्रभर ठेवला तर पाण्याचा निळेपणा फिका पडून हिरवट झाक येते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांना हा प्रयोग वेगळ्या नावाने माहीत आहे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण तयार झाले, की ते त्यात लोखंडी विळा किंवा सळई क्षणभर बुडवून पाहतात. लोखंडावर तांबडेपणा आला तर मोकळे मोरचूद उरले आहे, चुना कमी पडला आहे, फवारणी केली तर पाने करपतील. चुना आणखी घालायचा. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असे जे सांगतात, त्याचेही कारण हेच. ज्या शेतकऱ्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही तोही येथे एक भाकीत करीत असतो, आणि त्या भाकितावर आपले पीक सोपवीत असतो.

परंतु या साध्या दृश्याने मनुष्यजातीला दीड-दोन हजार वर्षे चकविले आहे. खिळा लोखंडाचा होता, आता तांब्याचा दिसतो. मग लोखंडाचे तांबे झाले, असे कोण म्हणणार नाही? ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील एका चिनी ग्रंथात, तांब्याचा एक खनिज क्षार लोखंडाला भेटला की तांबे होते, अशी नोंद आहे. पुढे अकराव्या शतकात, सुंग राजांच्या काळी, चीनमध्ये याचा मोठा धंदाच झाला. डोंगरातून तांबे विरघळलेले पाणी वाहत असे, त्यात लोखंडाचे पत्रे टाकून ठेवीत आणि जमलेला तांब्याचा गाळ खरवडून वितळवीत. ही नाणी पाडणाऱ्या सरकारची गरज होती, आणि सरकारने हे काम आपल्या हाती घेतले होते.

युरोपातही तेच. आज स्लोव्हाकियात असलेल्या, जर्मनांनी हेरेनग्रुंट नाव दिलेल्या खाणीच्या गावी, अशा पाण्यातून मिळालेल्या तांब्याचे पेले करीत, त्यांना सोन्याचा मुलामा देत, आणि वर कोरीत की मी पूर्वी लोखंड होतो. प्रवासी ते पेले कौतुकाने घरी नेत. आयर्लंडमधील विकलो परगण्यातील एका खाणीविषयी अशी कथा सांगतात की, एका खाणमजुराने आपले लोखंडी फावडे पाण्यात विसरून ठेवले, आणि काही दिवसांनी ते त्याला तांब्याने मढलेले सापडले. कथा खरी असो वा नसो, अठराव्या शतकात तेथे आणि वेल्सच्या अँगलसी बेटावर मोडके लोखंड टाकून तांबे काढण्याची तळी बांधली गेली, हे मात्र खरे. येथे लक्षात घ्या : धंदा करणाऱ्यांना खरे कारण कळायची गरज पडली नाही. तांबे मिळत होते, तेवढे पुरेसे होते. आणि किमयागारांना तर हा हातचा पुरावाच होता. लोखंडाचे तांबे होते, तर शिशाचे सोने का होऊ नये?

या भ्रमाला तडा गेला तो तराजूने. १६१७ साली अँजेलस साला नावाच्या वैद्याने मोरचुदावर एक लहानसे पुस्तक लिहिले. तो मूळचा इटालीतला, पण धर्ममतामुळे देशोधडीस लागून उत्तर युरोपात हिंडणारा. त्याने तांबे, गंधकाचे आम्ल आणि पाणी एकत्र आणून मोरचूद बनविले, आणि मोरचूद फोडून पुन्हा तेच घटक मिळविले. खाणीत मिळणारे मोरचूद आणि हाताने केलेले मोरचूद एकच ठरले. म्हणजे निळ्या पाण्यात तांबे आधीपासून होतेच. ते दिसत नव्हते, इतकेच. मग खिळ्यावर आले ते नवे जन्मलेले तांबे नव्हे. पाण्यातले तांबे बाहेर आले, आणि त्याच्या जागी लोखंड पाण्यात गेले. आजच्या हिशेबाने सांगायचे तर ५६ ग्रॅम लोखंड पाण्यात उतरते तेव्हा साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबे बाहेर पडते. देवघेव चोख असते. जादू गेली, जमाखर्च आला. शास्त्राची सुरुवात पुष्कळदा अशी वाण्याच्या दुकानासारखी होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एकाने दुसऱ्याला बाहेर काढले, हे कळले. आता पुढचा प्रश्न : कोण कोणाला काढतो? तांब्याचा तुकडा लोखंडाच्या क्षारात टाकला तर लोखंड का बाहेर येत नाही? येथे आपल्या देशातील एका जुन्या ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. ‘रसार्णव’ हा रसविद्येचा ग्रंथ साधारण बाराव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या ग्रंथाकडे जगाचे लक्ष वेधले. सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील आणि शिसे हे सहा धातू असून, त्यांत आधीचा धातू नंतरच्यापेक्षा झिजण्याला अधिक टिकतो, असे ‘रसार्णव’कार सांगतो. हा क्रम आजच्या कोष्टकाशी ताडून पाहा. सोने, चांदी, तांबे ही पहिली तिन्ही बरोबर त्याच क्रमाने आहेत. पुढच्या तिघांचा क्रम मात्र आज उलटा लावावा लागतो. याचा अभिमान बाळगावा, पण सारे काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असा डंका पिटू नये. कोण किती टिकतो याची ती यादी होती. कोण कोणाला द्रावणातून हुसकतो याची ती यादी नव्हती. निरीक्षण उत्तम होते. त्याला प्रयोगाची जोड मिळावयाची होती.

ती जोड ज्याने दिली त्याचे नाव ऐकून आपणांस नवल वाटेल. गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन रसायनाच्या भट्टीपुढेही वर्षानुवर्षे बसलेला होता. प्रकाशावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्याने काही प्रश्न मांडून ठेवले आहेत. १७१७ च्या इंग्रजी आवृत्तीतील एकतिसावा प्रश्न सर्वांत लांब आहे. त्यात तो विचारतो : चांदी विरघळलेल्या शोऱ्याच्या आम्लात तांबे टाकले तर ते विरघळते आणि चांदी सुटते. तांब्याच्या द्रावणात लोखंड टाकले तर लोखंड विरघळते आणि तांबे सुटते. पाऱ्याच्या द्रावणात लोखंड, तांबे, कथील, शिसे यांपैकी काहीही टाकले तरी पारा सुटतो. तर मग आम्लाच्या कणांची ओढ चांदीपेक्षा तांब्याकडे अधिक, तांब्यापेक्षा लोखंडाकडे अधिक, असे यावरून दिसत नाही काय? येथे प्रथमच सुटे अनुभव एका सुतात ओवले गेले. लोखंड तांब्याच्या वर आणि तांबे चांदीच्या वर, तर लोखंड चांदीलाही हुसकणार, हे प्रयोग न करता सांगता येऊ लागले. भाकीत म्हणतात ते हेच.

थोड्याच काळात, १७१८ साली, पॅरिसच्या शास्त्रपरिषदेपुढे एतिएन फ्रान्स्वा जॉफ्रवा याने सोळा रकान्यांचे एक कोष्टक ठेवले. प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर एक पदार्थ, आणि खाली त्याच्याशी कोणाचे सख्य किती, त्या क्रमाने इतर पदार्थ. वरचा खालच्याला हुसकतो, हा नियम. हे कोष्टक कित्येक वर्षे भिंतींवर टांगले गेले. स्वीडनच्या बर्गमनने १७७५ मध्ये ते फार मोठे केले. पुढे बर्तोले नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शंका काढली. तो नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेला होता, आणि तेथील क्षारांच्या सरोवरांकाठी त्याला प्रयोगशाळेतील एक क्रिया नेमकी उलट दिशेने चाललेली दिसली. त्याने सांगितले की, कोणाचे सख्य कोणाशी एवढे पाहून भागत नाही. कोण किती प्रमाणात हजर आहे, हेही पाहावे लागते. ही दुरुस्ती महत्त्वाची होती. यादी खोटी ठरली नाही, पण ती डोळे मिटून वापरायची नाही, हे कळले.

आता आपली कहाणी एका अगदी वेगळ्या वाटेने पुढे जाते. इटालीच्या व्होल्टाने दोन निरनिराळे धातू एकमेकांस लावून त्यांच्यामध्ये उत्पन्न होणाऱ्या विजेचा अभ्यास चालविला होता. कोणती जोडी अधिक जोर दाखविते, यावरून त्याने धातू एका ओळीत लावले : जस्त, शिसे, कथील, लोखंड, तांबे, चांदी. १८०० साली त्याने जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांची, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे घालून, चळत रचली आणि जगाला पहिली विजेची बॅटरी मिळाली. व्होल्टा आम्लांचे सख्य मोजत नव्हता. तरीही त्याची ओळ न्यूटनच्या ओळीशी पुष्कळशी जुळली. दोन अनोळखी माणसांनी दोन गावांहून निघून एकाच विहिरीवर यावे, तसे झाले. कोण कोणाला हुसकतो आणि वीज कोणत्या दिशेने वाहते, या दोन गोष्टी मुळात एकच असल्या पाहिजेत, असा संशय त्यामुळे बळावला.

या संशयाची किंमत कळली ती आरमाराला. लाकडी जहाजांचे तळ समुद्रकिडा पोखरून टाकी. म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून ते परतल्यावर १७६३ साली पाहणी झाली, तेव्हा लाकूड शाबूत होते, पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे झिजून चिखलासारखे झाले होते. काही खिळे मात्र ठणठणीत राहिले होते. कारण काय? पत्रे ज्या जाड्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद तेथे निष्काळजीपणाने तसाच राहून गेला होता आणि लोखंड तांब्यापासून अलग राहिले होते. एका कामगाराच्या आळसाने जे शिकविले ते आरमाराच्या अधिकाऱ्यांना सुचले नव्हते.

साठ वर्षांनी तांब्याच्याच झिजेची तक्रार आली, आणि आरमाराने रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही याला सल्ला विचारला. त्याचे उत्तर भाकिताचा उत्तम नमुना आहे. समुद्राच्या पाण्यात लोखंड तांब्याला लागून असले तर लोखंड झिजते, हे माहीत होते. मग तांबे वाचवावयाचे असेल तर त्याला मुद्दाम लोखंड किंवा जस्त लावून ठेवा; ते स्वतः झिजेल आणि तांब्याला झिजू देणार नाही! १८२४ च्या जानेवारीत त्याने जाहीर केले की, वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याचे रक्षण करतो. जहाजांवर प्रयोग झाले. त्यांतले एक, ‘समरंग’, आपल्याकडे कोचीनला सागवानात बांधलेले होते. तांबे खरोखरच वाचले. परंतु जहाजे मंद झाली. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारख्या चिवट जीवांचे थर चढले. तांबे थोडेथोडे विरघळत होते तोवर त्याच्या विषाने हे जीव दूर राहत होते. विरघळणे थांबले आणि त्यांना मोकळे रान मिळाले. डेव्हीची फजिती झाली, लोकांनी टवाळी केली, आणि १८२५ साली हुकूम फिरला. पण त्याचे रसायन चुकले नव्हते. तांबे का झिजू द्यायचे, या दुसऱ्या प्रश्नाचा विचार राहून गेला होता. आज समुद्रातील पोलादी जहाजांना आणि जमिनीखालील नळांना जस्ताचे किंवा मॅग्नेशियमचे ठोकळे लावतात, ते डेव्हीच्याच उपायाने.

आपल्या घरातच हा धडा आहे. जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला तरी खालचे लोखंड पुष्कळ काळ तग धरते, कारण जस्त वरच्या पायरीवर आहे आणि ते आधी झिजते. उलट तेलातुपाचा कथलाचा मुलामा दिलेला डबा एकदा खरवडला की भराभर गंजतो, कारण लोखंड हे कथलाच्या वरच्या पायरीवर आहे. मुलामा दोन्हींना आहे. फरक पायरीचा आहे.

ही पायऱ्यांची पुरी ओळ रशियाच्या निकोलाय बेकेटॉव्हने १८६५ साली खार्कोवला सादर केलेल्या प्रबंधात नीट बांधली. आज शाळेत शिकवितात ती साधारण अशी : पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, हायड्रोजन, तांबे, पारा, चांदी, सोने. हायड्रोजन हा धातू नसूनही या पंक्तीत बसला आहे, कारण आम्लातून त्याला धातू हुसकू शकतात. १८८९ साली जर्मनीच्या नेर्न्स्टने या पायऱ्यांची उंची विजेच्या मापाने काढण्याची रीत दिली. हायड्रोजनला शून्य धरले तर जस्ताचा आकडा उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४, तांब्याचा अधिक ०.३४, चांदीचा अधिक ०.८०. जस्त आणि तांबे यांच्यातले अंतर १.१० व्होल्ट, डॅनियलने १८३६ साली बनविलेल्या घटातून, ज्यावर पुढे तारखाती चालली, नेमका एवढाच जोर मिळतो. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर कारणही उमगले. लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातो, आणि पाण्यातला तांब्याचा कण ते घेऊन धातू होऊन बसतो. जो सहज सोडतो तो वरचा. न्यूटनची ओढ आणि व्होल्टाची वीज ही दोन्ही या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीची नावे होती.

तर नियम असा. मोकळा धातू द्रावणातल्या धातूपेक्षा वरच्या पायरीवर असेल तर क्रिया होईल. खालच्या पायरीवर असेल तर होणार नाही. जस्त मोरचुदात : होईल. तांबे चांदीच्या क्षारात : होईल, आणि चांदीचे सुंदर काटे फुटतील. चांदी मोरचुदात : होणार नाही. जस्त आम्लात : हायड्रोजन सुटेल. तांबे मिठाच्या आम्लात : सुटणार नाही.

नियमाचे अपवाद सांगितले नाहीत तर मी तुम्हांला फसविले असे होईल. ॲल्युमिनियम बराच वर आहे, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचे पातळ कवच असते, म्हणून ते मोरचुदात पुष्कळ वेळ स्वस्थ बसते. चिमूटभर मीठ टाका, कवच फुटते आणि क्रिया जोराने सुरू होते. सोडियम तांब्याच्या द्रावणात टाकाल तर तो तांब्याकडे वळण्यापूर्वी पाण्यावरच तुटून पडेल. आणि सोने, जे सर्वांत खाली बसून कोणाला दाद देत नाही, तेही सायनाइडच्या पाण्यात हवा मिळताच विरघळते. १८८७ साली ग्लासगोमध्ये मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी हीच रीत काढली. त्या पाण्यात जस्ताचे कीस टाकले की सोने बाहेर येते. आपल्या कोलारच्या खाणीतही, जी २००१ साली बंद झाली, सायनाइडनेच सोने धुऊन काढीत. म्हणजे क्रम खरा, पण तो कोणत्या पाण्यात हेही सांगितले पाहिजे. निसर्गातच उतरंड आहे, मग समाजातली का मोडता, असे विचारणाऱ्या विद्वानांनी एवढे ध्यानात घ्यावे की, धातूंच्या या ओळीत वर-खाली म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठ नव्हे, आणि भोवतालचे पाणी बदलले की सोन्याचाही ताठा उतरतो.

या क्रियांवर किती माणसांचे हात राबले आहेत! रेल्वेमार्गाचे दोन रूळ जोडणारे गँगमन साच्यात जो पांढरा तप्त रस ओततात, ते ॲल्युमिनियमने ऑक्साइडमधून हुसकलेले लोखंडच असते. जर्मनीच्या गोल्डश्मिटने १८९५ साली त्याचे पेटंट घेतले. हुसकण्यात उष्णता किती सुटते, हे त्या कामगाराच्या कातड्याला पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते.

आता मी पुन्हा त्या पिंपाकडे येतो. पुढची तारीख मागून घेतल्यावर मी आमच्या भागातील माध्यमिक शाळेतील एका शास्त्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, हसले नाहीत, आणि कपाटातून दहावीचे पुस्तक काढून दिले. त्यात ती ओळ होती. जस्त वर, हायड्रोजन खाली. सरांनी हिशेबही करून दाखविला. ६५ ग्रॅम जस्त आम्लात विरघळले की सुमारे २२ लिटर हायड्रोजन सुटतो. हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन असला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि पंचाहत्तर भागांपर्यंत घेत राहतो. बंद पिंप, रात्रभर वेळ, सकाळी वेल्डिंगची ठिणगी. मी रात्री कंदिलापुढे नव्हे, विजेच्या दिव्याखालीच, पण तितक्याच अडखळत ते पान आठ-दहा वेळा वाचले. पुढे मिळेल ते वाचीत गेलो. तेव्हा कळले की, १७६६ साली कॅव्हेंडिशने जस्त, लोखंड आणि कथील आम्लांत टाकून हाच पेटणारा वायू गोळा करून मोजला होता. आणि १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला शार्लने लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून त्याच वायूने फुगा आकाशात सोडला होता. दोनशे दहा वर्षांपूर्वी ज्याने फुगा उडविला, त्याने आमचे पिंप उडविले.

दुसऱ्या तारखेला मी काचेच्या पेल्यात थोडे सौम्य तेजाब आणि त्याच जातीच्या पिंपाच्या पत्र्याचा तुकडा घेऊन गेलो. तुकडा आत टाकला. बुडबुडे येऊ लागले. मी दहावीचे पुस्तक उघडून साहेबांपुढे ठेवले आणि म्हणालो, ‘साहेब, असे होईल हे आधी कोणाला कळणार, असे आपण विचारले होते. दहावीच्या मुलाला कळते. ज्याने पिंप बदलण्याचा हुकूम दिला, त्याला कळायला हवे होते. मामांना कोणी सांगितले नाही, म्हणून त्यांना कळले नाही.’ खोलीत कोणी बोलले नाही. बुडबुड्यांचा आवाज तेवढा येत होता.

पुढे काय झाले ते वाढवून सांगत नाही. आरोपपत्र मागे घेतले गेले. चूक आपली होती, असे मात्र कोणी लिहून दिले नाही. नुकसानभरपाईसाठी आणखी चार वर्षे चकरा झाल्या. तेजाबासाठी प्लॅस्टिकची पिंपे आली आणि त्यांवर मराठीत सूचना रंगविली गेली. मामा नंतर पुष्कळ वर्षे फाटकावर पहारेकरी होते. डोळा परत आला नाही.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कोठेही दुर्घटना घडली आणि कोणी दैवाकडे बोट दाखविले, की मी पहिला प्रश्न विचारतो : हे आधी सांगता येत होते काय? सांगता येत नसेल, तर दैव म्हणू, दुःख करू आणि शोधाला लागू. हेरेनग्रुंटच्या पेल्यावर मी लोखंड होतो असे कोरणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. त्याच्या काळी ते कोणालाच माहीत नव्हते. ‘अलार्म’ जहाजाच्या खिळ्यांसाठीही कोणाला फाशी द्यायला नको होती. परंतु जे माहीत झाले आहे, छापले गेले आहे, मुलांना परीक्षेत विचारले जाते, त्याला अपघात हे नाव शोभत नाही. ते कळून न सांगितल्याचे पाप आहे, किंवा कळून घेण्याचा कंटाळा आहे.

या सभागृहात कारखान्यांतले कामगार आहेत, पर्यवेक्षक आहेत, शिक्षक आहेत, आणि कदाचित एखादे मालकही असतील. शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, धातूंची ती ओळ पाठ करून घेताना मुलांना सांगा, तिच्यात एखाद्या माणसाचा डोळा वाचविण्याची ताकद आहे. आणि कामगार बंधुभगिनींना विनंती ही की, ज्या भांड्यात, ज्या पाण्यात, ज्या धातूशी आपले हात रोज पडतात, त्यांची नावे विचारा. नुसते तेजाब म्हणून स्वस्थ बसू नका. कोणते तेजाब, हे विचारा. पिंप कशाचे आहे, हे विचारा. विचारणाऱ्याला कामावरून काढतात असे म्हणाल, तर त्यासाठी संघटना आहे.

व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या मेजावर मी मोरचुदाच्या पाण्याचा एक पेला आणि काही खिळे ठेवले आहेत. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना दाखवा. पाण्यात बोट मात्र घालू देऊ नका. खिळा टाकण्यापूर्वी त्यांना विचारा, काय होईल? आणि त्यांनी उत्तर दिल्यावरच खिळा टाका.